संघमित्राचं वाचन

उत्तमराव मास्तरांच्या घरात पोर चौथीत गेलं की त्याचं वाचन होतं. बाकीच्यांकडे पोरांचे वाढदिवस गाजतात, या घरात वाचन गाजतं. रामहरीबाबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनाला, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, वंदना आटोपली की त्या वर्षीच्या चौथीतल्या पोराला सगळ्यांसमोर उभं करायचं आणि त्याच दिवशीचा पेपर हातात द्यायचा. पुस्तक चालत नाही, कारण पुस्तक पाठ करता येतं. मास्तरांचे वडील, रामहरीबाबा, पुणतांब्याच्या स्टेशनावर हमाली करताना प्रवाशांनी टाकून दिलेल्या पेपरांवरून अक्षरं शिकले आणि पुढं तीस वर्षं रोज संध्याकाळी वस्तीला पेपर वाचून दाखवत राहिले. तेव्हापासूनचा हा नेम. मास्तरांचा थोरला मिलिंद असाच उभा राहिला होता, आज तहसील कचेरीत कारकून आहे. धाकट्या हर्षलनं तर अख्खा अग्रलेख वाचला होता. मधल्या सम्राटचं नाव या यादीत कुणी घेत नाही. तो उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला, एवढं जुन्या लोकांना आठवतं.

यंदा पाळी हर्षलच्या मुलीची होती, संघमित्राची. घरात तिला मितू म्हणतात.

पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, आणि तिच्या गुडघ्यापर्यंत येणारा पेपर दोन्ही हातांत ताणून धरलेला. चाळीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. मितूनं पहिल्या पानावरची कोपऱ्यातली बातमी वाचली. कालव्याला सोमवारपासून पाणी सुटणार, शेवटच्या टोकापर्यंत पोचवणार, शेतकऱ्यांनी पाटचाऱ्या साफ ठेवाव्यात. बारा ओळी तिनं बोट फिरवत, जिथं थांबायचं तिथं थांबत, एका सुरात वाचल्या. टाळ्या झाल्या. दारात उभी असलेली तिची आई, मोनिका, श्वास सोडते न सोडते तोच मास्तर पुढं झाले. मास्तर कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांना कौतुक वाटलं की ते पुढचा प्रश्न विचारतात, आणि त्या दिवशी त्यांना फार कौतुक वाटलं होतं.

"आता ही खालची वाच," ते म्हणाले.

खालची बातमी उसात बिबट्या दिसल्याची होती, चारच ओळींची. मितूनं तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सुरुवात केली, "कालव्याला सोमवारपासून पाणी सुटणार." तोच सूर होता आणि थांबेही तेच होते. बोट बिबट्यावरून फिरत होतं. पहिल्या ओळीला मागं कुणीतरी हसलं, पोरगी चेष्टा करते असं वाटून. तिसऱ्या ओळीला कुणी हसत नव्हतं.

छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी नातीच्या हातातून पेपर काढून घेतला, त्याची नीट चौपदरी घडी घातली आणि तिला म्हणाले, "बस खाली." मग बौद्धाचार्यांकडे वळून, पानं वाढायला घ्या असं सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. घरातल्या बायकांना मात्र तो आवाज ठाऊक होता, आणि खीर ढवळणाऱ्या चांगुणाबाईंचा, मास्तरांच्या बायकोचा, हात तिथंच थांबला.

पाहुण्यांनी आपापल्या परीनं झाकून घेतलं. पोर बावरलं, एवढ्या माणसांत कुणीही बावरेल, असं जो तो वाढणाऱ्याला सांगत होता. मोनिका मान हलवत खीर वाढत होती. तिला यातलं काहीच नवीन नव्हतं. कपाटातल्या पर्समध्ये अकरा दिवसांपासून एक फॉर्म पडून होता, आणि तिचा सगळा जीव त्या फॉर्ममध्ये अडकला होता.

झालं होतं असं. मितूच्या वर्गशिक्षिका म्हणजे तिची सख्खी चुलती जयमाला, मिलिंदची बायको. बारा दिवसांपूर्वी जयमाला मतदार याद्यांच्या कामावर गेली होती आणि नेमकी त्याच दिवशी तालुक्याची विशेष शिक्षिका शाळेत आली. तिनं मितूला जवळ बसवून कधी न पाहिलेलं पुस्तक वाचायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी मोनिकाला बोलावून घेतलं. पोरगी हुशार आहे, ऐकलेलं विसरत नाही, तोंडी विचाराल ते सांगते, पण छापलेला शब्द तिला उलगडत नाही, असं ती म्हणाली. अध्ययन अक्षमता असू शकते. असेलच असं नाही, तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी राहात्याला तपासणीचं शिबिर आहे, नगरहून डॉक्टर येणार आहेत. तसं निघालंच तर शिकवायची पद्धत वेगळी असते, परीक्षेत वेळ जास्त मिळतो, आणि मुख्य म्हणजे पोरीला कुणी आळशी म्हणत नाही. फक्त फॉर्मचं दुसरं पान वर्गशिक्षिकेनं भरून द्यायचं. त्याशिवाय शिबिरात घेत नाहीत.

मोनिकानं त्याच संध्याकाळी फॉर्म जावेपुढं ठेवला होता. जयमाला बघू म्हणाली. दोनदा आठवण करून दिली, दोनदा बघू. आता मध्ये उरला होता एक सोमवार.

मितू मागच्या दारी पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मोनिका शेजारी बसली. पोरीनं रडावं असं तिला वाटत होतं, म्हणजे जवळ तरी घेता आलं असतं. पोरगी रडत नव्हती.

"दुसऱ्यांदा पण तीच का म्हटलीस गं?"

"पहिल्यांदा टाळ्या वाजल्या ना," मितू म्हणाली. "मला वाटलं तीच आवडली."

मग मितूनंच सांगितलं. मोठ्या मम्मीनं, म्हणजे जयमालानं, सकाळी सहालाच पेपर आणला होता. न्हाणीघरात नेऊन तिला तीनदा वाचून दाखवला होता. बोट कसं फिरवायचं तेही दाखवलं होतं. शाळेतसुद्धा उद्याचा धडा मोठी मम्मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते. साहेब आले की मितूला स्वागतगीताला पुढं करते, म्हणजे वाचायला कुणी उठवत नाही.

"मोठ्या मम्मीला बोलू नको," ती म्हणाली. "ती मला एकदा पण मारत न्हाई."

मोनिका उठली आणि थेट कपाटाकडे गेली.

चारच्या सुमाराला पाहुणे पांगले आणि घरचीच माणसं उरली. सतरंज्या अजून तशाच होत्या. मास्तर खुर्चीत बसले होते, घडी केलेला पेपर मांडीवर. मोनिकानं फॉर्म जयमालाच्या पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, आज भरून द्या. परवा मंगळवार हाय."

जयमालानं फॉर्मकडं पाहिलं नाही. त्यात काय विचारलंय ते तिला पाठ होतं. विद्यार्थ्याची वाचनाची सध्याची पातळी. गेल्या दोन वर्षांच्या शाळेच्या नोंदींत मितूच्या नावापुढं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, गोष्ट वाचते. अक्षरं नाही, शब्द नाही, थेट सगळ्यांत वरची पातळी, गोष्ट. आता तिथंच अक्षरं जुळत नाहीत असं लिहायचं म्हणजे आपणच आपल्याला खोटं पाडायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिच्या नवऱ्यालाही ते लगेच उमगलं. मिलिंदचा सगळा जन्म कागदांत गेलेला. तो म्हणाला की शाळेची नोंद एक आणि हा फॉर्म दुसराच, असं दिसलं की केंद्रप्रमुख आधी नोटीस काढतो, पोरगी बाजूलाच राहते. त्यापेक्षा वर्षभर थांबावं, घरात दोन मास्तर आहेत, कंबर कसून शिकवावं.

हर्षल भिंतीला टेकून बसला होता. सुप्याच्या कारखान्यात सहा दिवस काढून तो रविवारपुरता घरी येतो, आणि एका दिवसाच्या पाहुण्यानं कुणाशी वाकडं घ्यायचं. त्यानं भावाची री ओढली. "आन् त्या दाखल्यावर काय लिव्हत्यात ते वाचलं का तू? अपंगत्व. उद्या पोरीला स्थळ बघताना लोक तेवढंच बघत्याल."

"ती नऊ वर्षांची हाय," मोनिका म्हणाली. "तिला स्थळ नगं, वाचायला पायजे. आजच्यासारखं आनखी किती वेळा उभं करनार हाय तिला?"

जयमालाला जावेचा राग यायला हवा होता, पण आला नाही. हीच पोर पहिलीत तिच्या पुढ्यात बसली तेव्हा शाळेचं पहिलं गाणं तिनं एकदा ऐकून सगळ्यांना शिकवलं होतं. आणि दुसरीच्या दिवाळीपर्यंत जयमालाच्या लक्षात आलं होतं की फळ्यावरचं गाणं झाकून वेगळे शब्द लिहिले की हिची बोलती बंद होते. रोज शाळा सुटल्यावर तिनं अर्धा तास घेतला. वाळूत गिरवलं, पुठ्ठ्याची अक्षरं कापली. आज आलेलं उद्या जायचं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या वर्षी येईल, असं ती मनाला सांगत गेली. तिनंही बीएडला अध्ययन अक्षमतेवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ते उत्तर आपल्याच घरात जेवायला बसतं, हे मानायला तिचं मन तयार झालं नाही.

"जयमाला," मास्तर म्हणाले. पाहुणे गेल्यापासून त्यांचा हा पहिलाच शब्द. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसरीपासून."

"आणि सकाळची बातमी तूच पाठ करून घेतलीस."

"हो दादा."

"मी हेडमास्तर होतो. पोरगी माझ्या घरातली. मला का सांगितलं नाहीस?"

जयमाला चोवीस वर्षं या घरात सून होती आणि सासऱ्याला उलट बोललेली नव्हती. त्यांनीच तिला लग्नानंतर शिकू दिलं होतं, परीक्षेला स्वतः सायकलवरून सोडलं होतं. ती खाली सतरंजीकडं बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही तिला शिकवायला घेतलं असतं."

"मग?"

"सम्राट भावजींना तुम्हीच शिकवत होता ना, दादा."

मिलिंद झटकन बायकोकडं वळला, गप म्हणाला. पण शब्द निघून गेला होता. सम्राटला घर सोडून सत्तावीस वर्षं झाली. नववीत नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि आता नागापूरला वेल्डिंगच्या शेडमध्ये काम करतो. त्यानंतर रामहरीबाबांच्या पुण्यानुमोदनाला तो एकदाही आलेला नाही. आईला फोन करतो, तोही मास्तर फिरायला जातात त्या वेळेला.

मास्तरांना राग आला. खरं तर ते रागाची वाट बघत होते, कारण राग आला की त्यांना पुढचं सुचतं. पण तो आला तसा ओसरला, आणि मागं उरलं ते त्यांना अजिबात नको होतं. प्रत्येक वर्गात शेवटच्या रांगेत बसणारी दोन-तीन पोरं. त्यांना ते दगड म्हणत. सगळे मास्तर म्हणत, त्यात गैर काही वाटत नसे. एक गोरक्षनाथ नावाचा होता, सगळा पाढा चालीवर म्हणायचा आणि पाटीवर तोच पाढा लिहिता यायचा नाही. त्यांना वाटलं होतं पोरगा आपली टिंगल करतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं दिव्याला आपल्याच उजेडाचा इतका गर्व होता की खाली बघायची त्याला गरजच वाटली नव्हती.

"दगड नाही तो," ते अर्धवट स्वतःशी म्हणाले. कुणाला काही कळलं नाही.

चांगुणाबाई आतापर्यंत उंबऱ्याजवळ बसून होत्या. सत्तर वर्षांची बाई, सही करते, बाकी अडाणी. हेडमास्तरांची बायको अडाणी कशी, असं कुणी विचारलं की मास्तर सांगत, हिला संसारातून सवड मिळाली नाही. लोक मान डोलवत. तीन पोरं, दोन म्हशी, सासू अंथरुणाला खिळलेली. ते सगळ्यांना पटत असे.

"सवड हुती," चांगुणाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडं पाहिलं.

"लगीन झालं त्या वर्षी पोरं न्हवती, म्हशी न्हवत्या. मास्तरांनी पाटी आनली. रोज दिवे लागायच्या आत शिकवायचे. आज वळखलेलं अक्षर उद्या मला परक्या मानसावानी वाटायचं. वरीसभर केलं. मंग मास्तर म्हनले, राहू दे, तू घरकाम बघ." त्या थांबल्या. "तवापासनं मी बी सांगत आले, सवड न्हाई म्हनून. एवढ्या शिकल्या-सवरल्या घरात कसं सांगावं मानसानं? सम्राट झाला, त्याला बी येईना. मला समजलं हुतं. लेकराच्या हाताला तेल-हळद लावत बसायचे आन् मनात म्हनायचे, हे माझ्यातनं गेलंय. एकदा बी बोलले न्हाई. मी बोलले असते तर त्याचा मार माझ्या वाटनीला आला असता, एवढंच भ्या हुतं."

हर्षलनं आईकडं असं पाहिलं, जणू ही बाई आपण आजच पाहतो आहोत. तीसेक वर्षं तो तिला घरात आलेल्या चिठ्ठ्या वाचून दाखवत आला होता, आणि कधीमधी वैतागूनही.

"भाऊ," तो मिलिंदला म्हणाला, "राहू दे नोटिशीचं. वैनी, तुमी भरा."

मिलिंदनं आणखी एकदा समजावून पाहिलं. तुझ्या नोकरीची अजून अकरा वर्षं आहेत, चौकशी लागली तर बदली लांब होईल, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. तो खोटं बोलत नव्हता. जयमालानं सगळं ऐकून घेतलं.

"विचारलं तर सांगेन," ती म्हणाली, "की माझं चुकलं."

तिनं फॉर्म पुढं ओढला. मोनिका तिच्या समोरच बसली, कागदावरची नजर न हलवता. जयमालाच्या अक्षराला जिल्ह्यात बक्षीस मिळालेलं आहे. त्याच अक्षरात तिनं लिहिलं, मुलीस अक्षरे जोडून वाचता येत नाहीत, ऐकलेले सर्व लक्षात राहते, मागील दोन वर्षांच्या वाचनाच्या नोंदी माझ्याकडून वस्तुस्थितीस सोडून झाल्या आहेत. खाली सही केली. सही करताना ती रडत होती, आणि कागद ओला होऊ नये म्हणून मोनिकानं तो थोडा बाजूला सरकवून धरला. अकरा दिवस जिच्यावर दात धरला तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मोनिकाला वाटलं, पण दोन्ही हात कागदाला लागले होते.

मितू दारात येऊन उभी होती. किती वेळ, कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, डॉक्टर सुई टोचणार का. मोनिका म्हणाली, नाही, नुसतं बोलतात, काही खेळ देतात.

"वाचायला देत्यात का?"

"देतात थोडं."

"मग मोठी मम्मी आधी सांगून ठेवील का?"

"नाही बाळा," जयमाला म्हणाली. "आता नाही सांगणार."

मितूचा चेहरा पडला. या सगळ्या गोंधळात आपल्या बाजूचं एकच माणूस होतं आणि तेही गेलं, एवढंच तिला त्यातून कळलं. ती आजीच्या कुशीत जाऊन बसली. पुढं राहात्याला काय निघेल, शिकवायला माणूस मिळेल का, आठवड्यातून किती दिवस, यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की पोरीची अडीच वर्षं गेली होती.

तिसरं पान घरच्यांसाठी होतं. मोनिकानं जन्मतारीख सांगितली, चालायला कधी लागली, बोलायला कधी लागली ते सांगितलं, जयमाला लिहीत गेली. मग ती थांबली. प्रश्न वाचावा की गाळावा, हे तिला ठरवता येईना. मास्तरांनी हात पुढं केला, फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं.

"कुटुंबात आणखी कोणास लिहिण्या-वाचण्यात अडचण होती काय? असल्यास नाव व नाते."

रामहरीबाबांच्या घरात या रकान्यात आजवर कुणाचं नाव गेलं नव्हतं. मिलिंद मान खाली घालून बसला. चांगुणाबाई म्हणाल्या, "माझं लिव्हा." मास्तरांनी हातातला फॉर्म पुढं धरला आणि जयमालानं त्यावर लिहिलं, चांगुणाबाई, आजी. मास्तर वाट बघत राहिले. दुसरं नाव कुणीतरी घेईल असं त्यांना वाटत होतं, आणि कुणी घेत नव्हतं. शेवटी त्यांनाच ते घ्यावं लागलं.

"सम्राट उत्तमराव," ते म्हणाले. "चुलता."

सत्तावीस वर्षांत मुलाचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

जयमालानं तेही लिहून घेतलं. फॉर्म अजून मास्तरांच्याच हातात होता. खालची ओळ त्यांनी मनात वाचली. मग, सवयच तशी म्हणून, मोठ्यानं वाचली.

"सदर व्यक्तीस त्या वेळी कोणती मदत मिळाली?"

जयमाला पेन धरून बसली होती. ही ओळ सोडली तरी चालतं दादा, ती म्हणाली, बरेच लोक सोडतात. मास्तरांनी चष्मा काढला.

"मारलं, असं लिही," ते म्हणाले. "आणि कुणी मारलं तेही लिही."